सावरीचं वासरू

ये गो, अशी जवळ सरक. लांबून हाका मारायची ताकद आता माझ्यात राहिली नाही. आणि आधी तो फोन बाजूला ठेव. एक डोळा त्याच्यात आणि एक डोळा माझ्या लिहिण्यात, असं चालायचं नाही. गॅसवर काही ठेवलं असशील तर तेही उतरवून ये. तुम्हा मुलींचं हल्ली सगळं उभ्या उभ्या. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकायचं तेही उभ्याने, एक पाय दाराबाहेर ठेवून. भिंतीला पाठ लावून बस बघू. मला सरळ सांगता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी आडवाटेने जाणार, वाटेत कुणाच्या तरी पडवीत टेकणार, घोटभर पाणी पिणार आणि मग कुठे मुद्द्यावर येणार. दमलेल्या माणसाची चाल अशीच असते, आणि मी सध्या फार दमले आहे.

आज सकाळपासून खळ्यात कापूस उतरतो आहे. घरामागच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, जुनी काटेसावर आहे. माघ-फाल्गुनात ती लाल फुलांनी पेटते तेव्हा येणारे-जाणारे मान वर करून बघतात, फोटो काढतात. पण तिचं खरं काम सुरू होतं ते वैशाखात, जेव्हा तिच्याकडे कोणी बघत नाही. उन्हात बोंडं तापतात, वाळतात आणि दुपारच्या शांततेत, कोणीतरी जीभ टाळ्याला लावून सोडावी तसा बारीकसा आवाज करून उकलतात. मग तो कापूस निघतो. त्याला घाई नसते. जरा वर जातो, थबकतो, माडाच्या झावळीला अडकतो, सुटतो आणि येऊन माझ्या वाळत घातलेल्या सोलांवर बसतो. कोकमाची ती लालभडक, ओली सालं आणि त्यांना चिकटलेले पांढरे तंतू. दरवर्षी मी त्या झाडाला शिव्या घालते. दरवर्षी म्हणते, यंदा तोडूनच टाकते. आज मात्र एक पुंजका उडत आला आणि माझ्या मांडीवर बसला, तो मी उडवला नाही. बोटांनी उचलला, नाकाशी नेला. तापलेल्या बोंडाचा तो कोरडा, धुळकट वास आला आणि माझ्या मनात आलं, वयनी असती तर आत्तापर्यंत डोक्याला फडकं बांधून मेरेवर पोचली असती.

मांडीवर माझ्या एक वासरू होतं. कापडाचं. चारी पाय भरलेले, मान भरलेली, कान शिवलेले आणि पोट अजून अर्धं रिकामं. ते वासरू माझं नव्हे. ते जिने शिवायला घेतलं होतं, ती माझी थोरली जाऊ गेल्या श्रावणात गेली. तिच्यामागे ते माझ्याकडे आलं. पुण्याला माझ्या नातवाच्या घरात तान्हं बाळ आहे, आणि पाऊस लागायच्या आत ते पहिल्यांदा या घराचा उंबरा ओलांडणार आहे. या घरात पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक बाळाच्या हातात वयनीने शिवलेलं जनावर पडलेलं आहे. ह्या बाळाच्या हातात तिचं हे शेवटचं पडावं, आणि तिने केलं असतं तसं पडावं, एवढीच माझी इच्छा. केवढीशी गोष्ट! पण महिना झाला, मला ती पुरी करता येत नाही.

मी तिला वयनी म्हणायची, कारण आमचे हे तिला वयनी म्हणायचे. तिचं माहेर बांद्याकडचं, आतल्या गावातलं, भातशेतीचं. माझं कुडाळचं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती या घरात मुरलेली होती. मला वाटलं होतं, थोरली जाऊ म्हणजे एकतर सासूची धाकटी आवृत्ती, नाहीतर माझी मैत्रीण. ती यातलं काहीच झाली नाही. ती तिच्या कामात आणि तिच्या तोंडाच्या पट्ट्यात असायची, आणि मला तिने पहिले काही महिने घरातल्या नव्या भांड्यासारखं वागवलं. कुठे ठेवायचं ते ठरेपर्यंत इकडून तिकडे हलवत राहिली.

मुलांची तिला फार माया होती असंही नाही गो. लोक असं बोलतात ना, की जी बाई पोरांसाठी बाहुल्या शिवते तिचं काळीज लोण्याचं असणार. आमच्या वयनीचं काळीज खडपाचं, काळ्या कातळाचं होतं. रडणारं पोर तिला सहन होत नसे, आणि तिची स्वतःचीही त्याला अपवाद नव्हती. मी एकदा विचारलं, "वयनी, तू ह्यां कित्याक करतंस? दुकानात गावतत ना खेळणी." तर चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "एक वासरू हातात दिला की पोर सांजेपर्यंत गप. मगे माका भाकऱ्यो भाजूक गावतत. तुका काय वाटला, मी पुण्य करतंय?"

पण शिवायला बसली की ती वेगळी दिसायची. दुपारची जेवणं आटोपली, पुरुष माणसं आडवी झाली, की ती पडवीत जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन बसायची. कापड जुनंच हवं, अंगावर वर्षानुवर्षं घातलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. नवं कापड बाळाच्या गालाला टोचतं म्हणायची. मात्र फार विरलेल्यातून कापूस बाहेर येतो, म्हणून आतून मांजरपाटाचं अस्तर. चुलीतला कोळसा घ्यायची आणि गोठ्याकडे बघत बघत कापडावर वासराची एक बाजू काढायची. कागद नाही, माप नाही. गोठ्यातलं वासरू हललं तर त्याला ओरडायची. दोन बाजू कापल्या की तिसरी एक लांब पट्टी, चारी पायांच्या आतून जाणारी. ती पोटाची पट्टी. ती नसेल तर जनावर भाकरीसारखं आडवं पडतं, असेल तर चार पायांवर उभं राहतं. मग सगळं उलटं धरून शिवायचं. नुसता धावदोरा तिला चालत नसे, उलट टीपच हवी. "पोर काय हळू वढणार आसा?" असं म्हणून प्रत्येक टाका ओढून बघायची. मग सुलटं करायचं, आणि पायांत कापूस ठासायचा तो डवलीच्या, करवंटीच्या पळीच्या, दांड्याने. पाय दगडासारखे हवेत आणि पोट मऊ. डोळ्यांना बटणं नाहीत, पोर गिळतं. काळ्या दोऱ्याचेच डोळे. आणि काय झालं होतं कुणास ठाऊक, तिच्या हातचं प्रत्येक जनावर थोडं रागावलेलं दिसायचं. मांजर रागावलेली, वासरू रागावलेलं. आमचे हे म्हणायचे, "वयनीन आरशात बघून डोळे काडल्यान हत."

हत्ती तिला कधीच जमला नाही. एकदा हौसेने केला. आमच्या ह्यांनी तो हातात घेऊन वरखाली बघितला आणि विचारलं, "वयनी, ह्यो हत्ती काय डुकर?"

"सोंड दिसणा नाय? डोळे फुटले?"

"ती सोंड? माका वाटला, जीभ भायर काडल्यान."

त्या दिवशी ह्यांच्या ताटात माशाचं डोकं तेवढं पडलं.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण माझं घोडं अडलं आहे ते इथेच. पाय, मान, डोकं वयनी एकटी भरायची. पोट मात्र ती एकटी भरत नसे. सावरीचा कापूस सुपात घेऊन, त्यातल्या बिया निवडून (बी राहिली तर उंदीर पोट फोडतात), ती घरातल्या प्रत्येक बाईसमोर ते उघडं वासरू धरायची. एकेकीने एकेक मूठ घालायची. सासूबाई घालायच्या, मी घालायची, माहेरपणाला आलेली नणंद घालायची, परकर सावरत मुलीसुद्धा घालायच्या. मग वयनी शेवटची मूठ घालून टाके घेऊन पोट बंद करायची. मला वाटायचं, हे काहीतरी देवाधर्माचं असेल, ओटी भरण्यासारखं. तसं विचारलं तर ती हसली होती. तिचं सांगणं फार साधं होतं. "एका हाताची मूठ एकसारखी पडता. मगे पोट ढोलासारखा कडक होता. पाच जणींची मूठ कमीजास्त पडता, म्हणान पोट पोटासारखा लागता." आणि खरंच गो, दाबून बघितलं तर ते जाणवायचं. सासूबाईंची मूठ घट्ट, आवळलेली; माझी सैल, कारण मला नेहमी दुसरं काही करायचं असायचं; मुलींची चिमुकली. बोटं फिरवली की एके ठिकाणी टणक, एके ठिकाणी पोकळ. जिवंत जनावराच्या कुशीवरून हात फिरवल्यासारखं.

एका वर्षी मात्र कापसाने दगा दिला. अवेळी पाऊस आला, बोंडं झाडावरच कुजली. आणि माझा धाकटा तेव्हा तीन वर्षांचा, त्याचं आधीचं वासरू मांजरीने, खऱ्या मांजरीने, फाडून टाकलेलं. तो रडून घर डोक्यावर घ्यायचा. वयनीला ते ऐकवेना. तिने काय केलं, भात वारवताना उडालेलं फोलपट कणगीमागे पडलं होतं, ते मुठीमुठीने भरलं. आम्ही सगळ्यांनी भरलं. वासरू झकास झालं, जरा खरखरीत, उचललं की सळसळायचं. पोराला तो आवाज फार आवडला. पुढे पाऊस लागला. पोराने ते वासरू पडवीच्या कठड्यावर ठेवलं, वरून कौलांची पागोळी. चार दिवस कोणाचं लक्ष नाही. एका सकाळी पोरगं ओरडत आत आलं, "आये, आये! वासराच्या पोटात गवत इला!"

बाहेर जाऊन बघते तर खरंच. पोटाच्या शिवणीतून हिरवेगार कोंब. फोलपटात भरलेले दाणे राहिले होते, ते रुजले. इतकी शेतकऱ्याची लेक, पण तिच्याही लक्षात आलं नाही की फोलपट म्हणजे सगळंच पोकळ नसतं. घरात हसून हसून पुरेवाट. आमचे हे कशाला संधी सोडतात! "वयनी, पुढल्या वर्साक हत्ती पेर गो. केळी गावतली."

"आधी तुका पेरतंय," वयनी म्हणाली. "बघूया, अक्कल उगवता काय."

पण पोर ते कोंब उपटू देईना. त्याचं म्हणणं, वासराने चारा खाल्लाय, आता त्याला झोपू द्या. आणि त्या खडपाच्या काळजाच्या बाईने ते वासरू तसंच पावसात राहू दिलं. रोपं चांगली वीतभर झाली. सासूबाई म्हणाल्या, काय हा चावटपणा, घरात कापड कुजवताय. वयनी म्हणाली, "चरांदे त्याका. खंय आमच्या वाटणीचा खाता?" मग ऊन पडल्यावर तिने ते उसवलं, कातडं धुतलं, वाळवलं आणि पुढच्या वैशाखात त्यात कापूस भरून दिला. रोपं तिने कोपऱ्यातल्या वाफ्यात लावली होती असं मला आठवतं. त्यांना लोंब्या आल्या की नाहीत, ते मात्र आता आठवत नाही. आठवण अशीच असते बघ. कोंब दाखवते आणि पुढचं झाकून ठेवते.

मग घर रिकामं होत गेलं. त्याची काही मोठी कहाणी नाही, सगळ्यांच्या घरांची तीच. मुलगे शिकले, नोकऱ्यांमागे गेले. मुली लग्न होऊन गेल्या. नणंद विजयदुर्गाला अंथरुणाला खिळलेली. सासूबाई गेल्या, मोठे दीर गेले, आमचे हेही गेले. उरलो आम्ही दोघी जावा. एवढ्या घरात दोन म्हाताऱ्या, एक चूल, एक टीव्ही आणि पुष्कळ भांडणं. ती भाजीत मीठ जास्त घालायची, मी दिवे लावायला विसरायची. शेवटच्या वर्षी तिच्या हाताला कंप सुटला होता. तरी नातसुनेला दिवस गेलेत हे फोनवर कळलं त्याच दुपारी तिने ट्रंक उघडून आपलं जांभळं लुगडं काढलं. ती त्याचे तुकडे करायला लागली, आणि ते तर तिचं लेकाच्या लग्नातलं होतं. मी म्हटलं, ह्यां ऱ्हवांदे, दुसरा घे. म्हणाली, "माका खंय जावचा आसा आता हेच्यात मिरवत?" हात थरथरत असल्याने टाके वाकडे पडायचे, ती उसवायची, परत घालायची. बाकीचं सगळं तिने घरात उरलेल्या कापसाने भरून आणलं. पोटाला आणखी कापूस हवा होता, तो पुढच्या वैशाखात मिळणार होता. ती तोपर्यंत थांबली नाही.

आता तू म्हणशील, त्यात काय, कापूस आलाय, भर आणि शीव. नातसूनही हेच म्हणते. चांगली पोर आहे, फोनवर अगदी हळू आवाजात बोलते. "आजी, तुम्ही त्रास नका हं घेऊ. नाही झालं तरी चालेल. इथे खेळण्यांचं कपाट भरलंय." तिने मायेने म्हटलं. पण 'नाही झालं तरी चालेल' हे शब्द या वयात फार ऐकायला येतात गो. देवळात नाही गेलात तरी चालेल. लग्नाला नाही आलात तरी चालेल. तुमच्यावाचून सगळं चालेल हे लोक किती प्रेमाने सांगतात! आणि खरं सांगू, ऐकून माझं मन दुखायच्या ऐवजी आडवंच झालं. वाटलं, बरं झालं, सुटले. हा थकवा अंगमेहनतीचा नव्हे. अंगमेहनतीचा असता तर एका झोपेत उतरला असता. आपल्याबरोबर ज्यांनी ज्यांनी एखादी गोष्ट केली ते सगळे निघून गेले, की ती गोष्ट एकट्याने उचलताना तिचं वजन सगळ्यांच्या वाटणीचं होतं.

तरी एका दुपारी मी बसले. सुईच्या नेढ्यात दोरा जाईना, जिभेने ओला करून करून तो नुसता लोंबायला लागला. शेवटी कसाबसा ओवला. कापूस निवडला. म्हटलं, उरकून टाकूया. एक मूठ, दुसरी मूठ, सासूबाईंची म्हणून एक, नणंदेची म्हणून एक, वयनीची म्हणून एक. सगळ्या माझ्याच हातच्या. वासरू उभं राहिलं. बघायला काही वाईट दिसत नव्हतं. पण पोटावर हात फिरवला तर ते इकडून तिकडे एकसारखं. कुठे टणक नाही, कुठे पोकळ नाही. दुकानातल्या उशीसारखं. ढोल. मी सगळा कापूस उपसून काढला. नंतर दोन-तीनदा तसंच झालं. भरायचं, चाचपायचं, उपसायचं. शिवणीची तोंडं त्या ओढाताणीत उसवायला लागली. शेवटी मी ते वासरू भिंतीशी ठेवून दिलं. पोट खपाटीला गेलेलं, चार पाय ताठ. माझ्याकडे रागाने बघत होतं.

तशात मासेवाली आली. आमच्याकडे वर्षानुवर्षं येते, तिच्या आधी तिची सासू यायची. टोपली उतरवून पडवीच्या पायरीवर बसली आणि वासरू बघून म्हणाली, "काय गो आजये, ह्यां काय? मेला काय ह्यां?"

"मेला नाय. पोट रिकामा आसा."

"मगे भर. कापूस तर खळाभर पडलो आसा."

"भरलंय. परत काडलंय."

"कित्याक?"

मी सांगितलं. एका हाताच्या मुठीचं, पाच हातांच्या मुठीचं, घरात बाई उरली नसल्याचं. ती पदराने वारा घेत ऐकत होती. मग खदखदून हसली. "म्हणजे बाळंतीण अडली म्हण की!"

मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

"मी घालू काय एक मूठ?" ती म्हणाली आणि लगेच हात मागे घेतला. "नको गो. माझ्या हातांक माशाचो वास. गावातली माजरां लागतली बाळाच्या मागे."

"लागांदेत. पण..." मी अडखळले. माझ्या तोंडावर आलं होतं ते मी बोलले नाही, पण तिला ते कळलं. या बायकांना दारात उभं राहून माणसाचं तोंड वाचायची सवय असते.

"घरची नाय म्हणतंस ना मी? मी पण तसाच म्हटलेलंय तुझ्या वयनीक."

"कधी?"

"नवीन लग्न झालेला. सासूवांगडा, तिच्या पाठसून, पयल्यांदाच टोपली घेवन इललंय. तू माहेराक गेललंस. वयनी हयच बसलेली, मांडयेर मांजर, कापसाची. म्हणाली, घाल मूठ. मी म्हटलंय, मी घरची नाय. तर माका इचारता कशी, 'आता पाणी खंयच्या घरचा पिलंस?' मी म्हटलंय, 'हयचा.' 'मगे घाल.'" तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "सासू माझी तोंडाकडे बघत ऱ्हवली. माका त्या दिवसापासून ह्या पायरेर बसूक कधी भिया वाटला नाय."

ती उठली, मागच्या नळावर गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, नाकाशी नेऊन वास घेतला, परत धुतले. मग येऊन सुपातला कापूस उचलला आणि वासराच्या पोटात घातला. तिची मूठ मोठी, टोपली उचलणाऱ्या हाताची. कापूस तिने बोटांनी आत पार मागच्या पायांपर्यंत ढकलला, बाळाला न्हाऊ घालताना मालीश करतात तसा. माशाचे पैसे घेतले, टोपली डोक्यावर चढवली आणि "पोट शिवलंस काय सांग गो, बघूक येतंय" म्हणत गेली.

इतकी वर्षं मी वयनीच्या शेजारी राहिले, एका चुलीवर रांधलं, शेवटी तिला न्हाऊ घातलं, आणि मला वाटत होतं तिचं सगळं मला ठाऊक आहे. घरची बाई म्हणजे कोण, हे मी आडनावाने मोजत होते. ती घोटभर पाण्याने मोजत होती आणि त्याबद्दल तिने मला कधी एक अक्षर सांगितलं नाही. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल. कोणा कोणाच्या मुठी तिने कुठल्या कुठल्या जनावरांच्या पोटात घातल्या असतील! ती वासरं आता कुठे कुठे आहेत. एक गोव्यात माझ्या पुतणीच्या पलंगावर आहे, एक ठाण्याला कपाटावर धूळ खात आहे, काही केव्हाच फाटून गेली. माणसं जातात, घरं गप्प होतात, बोलणी तर वाऱ्यावर जातात. पण कुणीतरी एका दुपारी हाताने दाबलेला कापूस कुठेतरी अंधारात तसाच दाबलेला राहतो, आणि ते पोर मोठं होऊन, टक्कल पडून, बापही झालेलं असतं.

दमणूक गेली असं मी म्हणणार नाही. गुडघे तेच आहेत, घर तेवढंच मोठं आहे, संध्याकाळी दिवा लावताना हाक मारायला कोणी नाही. पण मी ते वासरू आता भिंतीशी ठेवत नाही, पडवीत सुपाशेजारी ठेवते. गॅसची टाकी आणून देणाऱ्याची बायको त्याच्याबरोबर आली होती, तिला पाणी दिलं आणि वासरू पुढे धरलं. ती बिचारी आधी घाबरली. शेजारची मुलगी परीक्षा संपवून आली, तिची मूठ अगदी फुसकी, फोनवर बोलत बोलत घातलेली. असू दे, पोकळही लागतं. नातसूनही येईल तेव्हा घालेल, बाळाची आई म्हणून तिची मूठ शेवटी. मी अजून माझीही घातलेली नाही. पोटाच्या डाव्या कुशीत बोट घातलं तर अजून जागा लागते.

ती जागा मी भरत नाही आहे. बाळ या पंधरवड्यात येईल, आणि त्यानंतर पाऊस लागला की हा कापूस दमट होतो, भरण्याच्या कामाचा राहत नाही. तू मालवणात उतरलीस की कुडाळकडे जाणाऱ्या रस्त्याने ये, देवळाच्या पुढे डाव्या हाताला वळ, सावर लांबूनच दिसेल. येताना काही आणू नकोस. फळं नकोत, बिस्किटं नकोत. जेवायला थांबलीस तर बरं, नाही थांबलीस तरी घोटभर पाणी पी आणि एक मूठ घाल. मग मी सुई घेते. लवकर ये हां गो.